आई येण्याआधीची ब्रोकोली

आई येणार असं भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी मोबाईलमध्येच स्वतःचं तोंड बघितलं. मोबाईलमध्ये मी बरी दिसायचे. मग मोरीच्या भिंतीवरच्या आरशात बघितलं, आणि पदरानं तोंड झाकून घेतलं.

शेजारच्या घरातल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं माझ्या फोनमध्ये काहीतरी करून दिलं होतं. व्हिडिओ कॉल लावला की गालावरचे काळे डाग पुसले जायचे, डोळ्यांखालच्या घड्या सपाट व्हायच्या, रंगही उजळायचा. 'करून दे' असं मी तिला म्हटलं नव्हतं, पण झाल्यावर 'काढून टाक' असंही म्हटलं नाही. दोन वर्षं आईला मी तेच तोंड दाखवत आले. आई म्हणायची, "लग्नात होतीस त्याच्यापरास आता बरी दिसतीस की गं." मी हसायचे, आणि फोन ठेवला की मला भीती वाटायची.

आता ती स्वतः येणार होती, आणि उगाच येणार नव्हती. माझी मुलगी तिच्याजवळ होती.

माझं माहेर सांगलीच्या पूर्वेला, पार कर्नाटकाला लागून. सातवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली आणि बेदाणा निवडायच्या शेडवर जायला लागले. माझे मालक तिथं ट्रकवर ड्रायव्हर म्हणून माल भरायला यायचे. ते नंदुरबारचे. त्यांनी मागणी घातली तेव्हा वडील होते. वडील म्हणाले, गाडीवरचा माणूस, पोरीला कुठं नेऊन टाकील, तिथं मारील का झोडील, आपल्याला कळणार पण नाही. आईनं वडिलांची समजूत काढली आणि लग्न लावून दिलं. पण वडिलांची ती भीती त्यांच्यामागं तिनंच सांभाळून ठेवली.

मुलगी चार वर्षांची असताना मला कावीळ झाली आणि ती उलटली. त्याच वेळी मालकांचं ट्रकवरचं काम सुटलं. आई आली आणि पोरीला घेऊन गेली. "तू उठून बस, मग ने." मी उठून बसले. मिरचीच्या पथारीवर कामाला लागले, मालक रिक्षा चालवायला लागले. पण दरवेळी काहीतरी निघायचं आणि 'मग' पुढं जायचं. असं करता करता पोरगी चौथीत गेली. मी धीर करून आईला म्हटलं, आता पाचवीला इकडं घालू.  आई म्हणाली, "मी येऊन बघते. तुझं बरं चाललेलं दिसलं, तर जूनला आणून सोडते. न्हाईतर पोरगी माझ्याजवळच दहावी करंल."

घर बघून, भांडी मोजून आईला काही कळत नाही. ती तोंड बघते. लहानपणी ताप आलाय का हे तिनं कधी कपाळाला हात लावून ठरवलं नाही. समोर उभं करायची आणि सांगायची. म्हणून मला माझ्या तोंडाची भीती वाटली.

नंदुरबारला मिरची वाळत घालायची मोठमोठी मैदानं आहेत, त्यांनाच पथारी म्हणतात. दसऱ्यानंतर तिथं जिकडं बघावं तिकडं लाल. आम्ही बायका त्यात बसून देठ खुडतो, पांढरी पडलेली मिरची बाजूला काढतो. वरून ऊन, खालून मिरचीची वाफ. तोंडाला फडकं गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवले तरी कातडी करपायची ती करपतेच. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. बसस्टँडवर एका कॉलेजच्या पोरीनं उठून मला जागा दिली, "बसा आजी." मी बसले.

ब्रोकोली मला फोननंच दाखवली. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरातली एक बाई सांगत होती की ही भाजी रोज खा, मीठ कमी, तिखट अजिबात नको, मग सुरकुत्या जातात, कातडी तरणी होते. बाई स्वतः चांगली पन्नाशीची आहे म्हणे, आणि दिसत होती माझ्या धाकट्या बहिणीसारखी. मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा बघितला. तिच्यावर माझा विश्वास बसला असं नाही. पण आई यायला एकवीस दिवस होते आणि माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

मालकांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस रिक्षा फिरवता फिरवता बाजारात विचारलं आणि एक गड्डा आणला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, निम्मा पिवळा पडलेला. भाजीवाला त्यांना म्हणाला होता, "कोण आजारी शे?"

दुसऱ्या दिवशी पथारीवर मी हे आक्काला सांगितलं. आक्का म्हणजे जवळच्या कोरीट गावची बाई, माझ्याबरोबर पथारीवर काम करते. तिच्याबद्दल मी किती लिहिलं तरी कमीच पडेल. मी पहिल्या दिवशी पथारीवर आले तेव्हा मला इकडची अहिराणी कळत नव्हती आणि मिरचीचं कामही कळत नव्हतं. दुपारपर्यंत बोटांची आग होऊन मी रडायला लागले. आक्कानं मला स्वतःच्या वाटीत बोटं बुडवायला लावली. तेलाची वाटी. प्रत्येकीजवळ अशी एक असते. खुडायला बसायच्या आधी बोटांना तेल चोळायचं, आणि मध्ये मध्ये बुडवत राहायचं, म्हणजे आग कमी होते. डोळ्याला हात लावायचा नाही, हेही तिनं मला हातवारे करूनच शिकवलं होतं.

"हिरवी गोबी?" आक्का म्हणाली. "ती त मन्हा वावरमा शे! दोन वाफा."

"तुमच्याकडं? आणि तुम्ही बोलला नाही?"

"काय बोलू? कव्हय पांढरी व्हई, तेनी वाट देखी ऱ्हायनू."

झालं होतं असं, की रोपवाटिकेतून फुलकोबीची रोपं आणताना त्यात ब्रोकोलीचा एक ट्रे आला होता. आक्काला ते ठाऊक नव्हतं. रविवारी पथारी बंद असते, तेव्हा मालकांनी रिक्षातून आम्हाला कोरीटला नेलं. वावरात जाऊन बघते तर जवळजवळ प्रत्येक झाडाची पानं वर ओढून सुतळीनं बांधलेली. फुलकोबीला असंच करतात, गड्ड्याला ऊन लागून तो पिवळा पडू नये म्हणून. आक्कानं इमानानं हिरव्या गोबीलाही तेच केलं होतं, आणि ती पांढरी होत नाही म्हणून सुतळी अजून घट्ट केली होती. आम्ही सोडायला लागलो तर आत कुठं फिक्कट, कुठं विस्कटलेलं, आणि बऱ्याच ठिकाणी पिवळी फुलं उमललेली.

मालक हसायला लागले. "आक्का, हाई तं पदर लिधेल नवरी शे. कितला दिवस झाकी ठेवशी?"

"तू गप रे," आक्का म्हणाली, पण तीही हसत होती. "मी म्हनू, काय गोबी शे, लाजच सोडस नही!"

मला मात्र हसू येईना. अठरा दिवस राहिले होते. आम्ही सगळी झाडं मोकळी केली. दुसऱ्या वाफ्याच्या टोकाची काही बांधायची राहिली होती, ती चांगली हिरवीगार निघाली. शिवाय गड्डा काढून घेतला की बाजूनं बारीक बारीक तुरे फुटतात, हे आम्हाला मग कळलं. आक्का रोज पथारीवर येताना फडक्यात बांधून ते तुरे माझ्यासाठी आणायची. आणि "तोंड दाखव" म्हणून रोज माझं फडकं खाली ओढून बघायची. "थोडं बदललं," असं म्हणायची. ती खोटं बोलते हे मला कळायचं, आणि तरी बरं वाटायचं.

मी ती भाजी खाल्ली. वाफवून, मीठ कमी, तिखट अजिबात नाही. दिवसभर मिरचीत बसून आलेल्या माणसाला बिनमिरचीचं जेवण जात नाही, घास तोंडात फिरत राहतो. मालकांनी दोन दिवस माझ्याबरोबर खाल्लं. तिसऱ्या दिवशी ताटाकडं बघून म्हणाले, "आते मी बकरी व्हई जासू." त्यांना मी ठेचा वाढला, आणि माझी भाजी पाण्याबरोबर गिळली. पोट फुगायचं. पण रोज सकाळी मोरीतल्या आरशात जाऊन बघायचे. कधी वाटायचं, डाग फिके झाले. मग खिडकी उघडून उजेडात बघितलं की होते तसेच.

आई गुरुवारी येणार होती. आदल्या रविवारपर्यंत माझ्या तोंडात काडीचा फरक नव्हता.

त्या रविवारी मी एक चूक केली.

मालक रिक्षा घेऊन गेले होते. मी त्याच बाईचा दुसरा व्हिडिओ लावला. त्यात ती ब्रोकोली वाटून, त्यात दोन चमचे तेल घालून तोंडाला लावत होती. म्हणत होती, खाण्यानं आतून होतं आणि लावण्यानं बाहेरून. मला वाटलं, हेच राहिलं होतं. मी तुरे वाटले. तेलाची बरणी रिकामी होती. मग दाराजवळच्या कोनाड्यात पथारीवर न्यायची माझी वाटी दिसली. अर्धी भरलेली, चांगलं शेंगदाण्याचं तेल. तेच ओतलं.

चार महिने मी त्या वाटीत मिरचीची बोटं बुडवत होते.

आज लिहिताना हे कुणालाही कळेल. तेव्हा मला कळलं नाही. घाईत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर आईचं तोंड होतं. त्या बाईनं दाखवलं तसं चार बोटांनी नाकापासून कानाकडं ओढत ओढत दोन्ही गालांना लावलं. डोळे मिटून बसले. आधी गार वाटलं. मग कोमट. मग असं वाटलं की कुणी तवा आणून तोंडाला टेकवलाय. मी धावत जाऊन पाण्याचे हबके मारले, तर आग गळ्यापर्यंत उतरली. दार लावून घेतलं आणि तोंडात पदराचा बोळा घालून ओरडले.

मालक आले तेव्हा मी ओल्या फडक्यात तोंड घालून बसले होते. काय झालं ते सांगताना मला लाजही वाटत होती. ते हसले नाहीत. दूध आणलं, दही आणलं, रात्री उशाशी बसून राहिले. सकाळी आरशात बघितलं तर दोन्ही गालांवर लाल पट्टे उठले होते. लांबट, एकाला एक लागून, चार इकडं आणि चार तिकडं. बोटांच्या रेघा.

ते बघून पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते आगीबद्दल नव्हतं. मला वाटलं, हे कशासारखं दिसतंय, ते आईला लगेच कळणार.

आक्कानं पथारीवर माझं फडकं खाली ओढलं आणि तिचा चेहराच उतरला. "तुन्हा तोंडले काय व्हयनं व माय?" सगळं ऐकल्यावर तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आक्काचं काम शेडमध्ये, सावलीत, पोती भरायला असायचं. गुडघ्यांमुळं तिनं मुकादमाला विनवून ती जागा मागून घेतली होती. ती उठली आणि मला म्हणाली, "तू सावलीमा बठ. मी उन्हमा बठस." मी नको म्हटलं. "गुडघा मन्हा शेत, तोंड तुन्हं शे. तुन्ही माय काय मन्हा गुडघा देखाले यी ऱ्हायनी?" त्या दिवसापासून ती माझ्या जागेवर उन्हात आणि मी तिच्या जागेवर सावलीत.

आई एकटी आली. भावानं मिरजेला गाडीत बसवून दिलं आणि भुसावळला तिची तिनं विचारत विचारत गाडी बदलली. आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. मी पदर गालापर्यंत ओढून घेतला होता. आई खाली उतरली, पिशवी मालकांच्या हातात दिली, आणि माझा पदर बाजूला केला. आता पट्टे काळपट झाले होते आणि वरची कातडी सोलत होती.

"ह्ये काय गं?"

"काही नाही. भाजी लावली होती तोंडाला."

"काय?"

"ब्रोकोली. भाजी असते. त्यात चुकून मिरचीचं तेल..."

मी बोलत होते आणि मला माझेच शब्द ऐकू येत होते. आमच्या गावात एक बाई होती, ती कायम दाराला आपटायची, पायरीवरून पडायची. आईनं तिची अशी किती कारणं ऐकून घेतली असतील. आई माझं बोलणंही तसंच ऐकत होती. मान हलवत होती. मग तिनं मालकांकडं बघितलं. ते पिशवी घेऊन उभे होते. "मामी, चला," एवढंच म्हणाले. आई रिक्षात मला चिकटून बसली.

घरी तिनं पाणी घेतलं माझ्या हातचं. मालकांनी चहा करून आणला, तो तसाच ठेवला. ते रिक्षा घेऊन बाहेर पडले की माझ्याजवळ येऊन बसली.

"आता सांग. कवापासनं मारतोय?"

"आई, नाही मारत गं."

"तुझा बाप म्हणत हुता तेच झालं. मी लगीन लावून दिलं. माझ्या हातानं."

"अगं, खरंच भाजी..."

"भाजीनं चार बोटं उठत्यात व्हय? मी काय दुधखुळी हाय?" आईचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "परवाच्या गाडीनं माझ्यासंगं चल. पोरगी हितं यायची न्हाई. तू पण ऱ्हायची न्हाईस."

मी शपथ घेतली. मुलीची घ्यायला लागले तर तिनं माझं तोंड दाबलं. व्हिडिओ दाखवला, तर ती फोनमधल्या बाईकडं न बघता म्हणाली, "ह्या फोननंच मला दोन वर्षं खोटं तोंड दावलंय. खरं की खोटं?" मी खाली बघितलं. एकदा खोटं पकडल्यावर माझं खरंही गेलं.

त्या संध्याकाळी आईनं मालकांनी आणलेलं काही खाल्लं नाही. स्वतःच्या पिशवीतली कडक भाकरी काढली. मालक ओट्यावर जाऊन बसले. मी त्यांच्याजवळ गेले तर म्हणाले, "मी काय बोलू? जेवढं बोलेन तेवढं खोटं वाटेल." त्यांना राग आला नव्हता. मला तेच सहन होईना. ज्या माणसानं कधी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं नाही, त्याला माझ्या तोंडानं गुन्हेगार केलं होतं, आणि तेही तोंड चांगलं दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मला तू काम करतीस तिथं ने." मला वाटलं, ती तिथं बायकांना विचारणार. तसंच होतं. पथारीवर पोचल्याबरोबर तिनं माझं म्हणणं ऐकून न घेता "आक्का कोण?" असं विचारलं, कारण घरी ते नाव मी चार वेळा घेतलं होतं. उन्हात बसलेल्या आक्कापुढं जाऊन ती खाली बसली.

"बाई, खरं सांगा. हिचा नवरा हिला मारतो?"

आक्कानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मारस नही वो माय! भाजी शे ती, भाजी! तेल मा मिरची व्हती!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. आईला निम्मं कळलं, निम्मं नाही, आणि हसणं तर अजिबात आवडलं नाही. "समद्याजणी एकच सांगताय," ती मला म्हणाली. "शिकवून ठेवल्यासारखं."

पण ती उठली नाही. तिला कुणाजवळ नुसतं बसता येत नाही. हात चालायला लागतात. समोर मिरचीचा ढीग होता, तिनं एक मिरची उचलली, देठ खुडला. दुसरी उचलली. आक्कानं तेलाची वाटी तिच्यापुढं सरकवली आणि बोटं बुडवून दाखवली. मला ती हातवारे करून शिकवायची, अगदी तसंच. आईनं बोटं बुडवली. दोघी खुडत बसल्या. आई विचारत होती आपल्या भाषेत, आक्का सांगत होती तिच्या भाषेत. मी शेडमध्ये पोती धरत होते आणि माझं सगळं लक्ष तिकडं होतं.

ऊन चढलं तशी आईला घाम आला. तिनं उलट्या हातानं गाल पुसला. मग दुसरा.

मी ओरडले, पण उशीर झाला होता.

आधी ती नुसती थांबली. मग डोळे मोठे झाले. मग "अगं आई आई आई" करत ती उभी राहिली आणि पाण्याच्या माठाकडं निघाली. आक्का तिच्यामागं धावली, "पानी नको! पानी नको वो माय!" आणि तिला धरून शेडमध्ये आणलं. एकीनं डब्यातलं दही काढलं. आक्का आईच्या गालाला दही थापत होती, आई पाय आपटत होती, आणि तिच्या दोन्ही गालांवर लाल पट्टे उठत होते. बोटांच्या पाठीचे.

बऱ्याच वेळानं आई मला म्हणाली, "हात लाव." मी तिच्या गालाला हात लावणार, तर तिनंच झटकला. "माझ्या न्हवं. तुझ्या." मी माझ्या गालाला हात लावला. "असंच झालं हुतं?"

"ह्याच्यापेक्षा जास्त. मी चोळून लावलं होतं."

"मूर्ख बाई," आई म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते आगीचं होतं का दुसरं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मालक दुपारी आम्हाला न्यायला आले, तेव्हा त्यांना दह्यानं माखलेली सासू दिसली. ते दारातच थांबले. आई म्हणाली, "पाव्हणं, या. भिऊ नका." मग एकदम वेगळ्याच आवाजात, "मला माफ करा बाबा." मालक एवढे गडबडले की त्यांच्या हातातून रिक्षाची किल्ली खाली पडली.

मला वाटलं, आता सुटले. पण घरी येऊन हातपाय धुतल्यावर आई माझे हात हातात घेऊन बसली. नखांत लाल, बोटांच्या टोकांना भेगा.

"ह्या हातांनी पोरीची वेणी घालणार तू?"

मी हात ओढून घ्यायला बघितलं, तिनं सोडले नाहीत.

"तिचं केस कमरंपातूर हायत. मी रोज सकाळी घालते. तुझं बोट तिच्या डोळ्याला लागलं तर? तुला येवढी मोठी असून कळलं न्हाई. ती तर लेकरू."

मी तिला सांगितलं की साबणानं धुते, राखेनं धुते. सांगता सांगता मलाच खरं वाटेना. तोपर्यंत मी फक्त तोंडाची काळजी केली होती. या हातांचा विचारच केला नव्हता. पोरगी येणार, तिला भरवायचं, न्हाऊ घालायचं, डोळ्यांत काजळ घालायचं, हे मी सहा वर्षं मनात करत आले होते, आणि त्या सगळ्यात माझे हात असे नव्हते. आई काही चुकीचं बोलत नव्हती.

मालक दारात चपला काढत होते. म्हणाले, "मामी, वेणी मी घालीन."

आईनं वर बघितलं. "तुम्ही?"

"रिक्षा सकाळी आठनंतर काढतो. त्याच्या आधी घालीन. न्हाऊ पण मी घालीन. मिरचीचा सीझन असेल तेवढे महिने."

"यील का तुम्हास्नी?"

"नाही येत. शिकवा."

आई त्यांच्याकडं किती वेळ बघत होती. तोंड वाचत होती. मग तिनं पिशवीतून कंगवा काढला आणि मला म्हणाली, "बस अशी, पाठ करून."

मी ओट्यावर बसले. आई सांगत होती, मालक करत होते. आधी भांग. मग तीन पेड. "मधला वरनं न्या. वरनं! खालनं न्हवं." मालकांची बोटं स्टिअरिंगची, जाड, केस निसटत होते. एकदा इतकं ओढलं की माझी मान मागं गेली. "दुखलं?" ते म्हणाले. मी नाही म्हटलं. आई म्हणाली, "दुखलं म्हणायचं. लेकरू म्हणंलच. त्यांना कळाय नगो का?" मग मी दुखलं म्हटलं. त्यांनी सगळं सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिसरी वेणी जरा सरळ आली. आईनं ती हातात धरून खालपर्यंत बघितली, ओढून बघितली. "मे महिन्यात पुन्हा घालून दावा," ती मालकांना म्हणाली. "तवा मी पोरगी घेऊन यीन. पर वेणी सुटली, तर परत न्हेणार."

मी हो म्हटलं. मालकांनीही म्हटलं. फेब्रुवारी होता. मे यायला तीन महिने होते, आणि मालकांनी त्या संध्याकाळी विचारलं, "अजून एकदा घालून बघू?"